ब्रेकचा लाल दिवा लागला तर आधी पेडल दाबून बघा

डॅशबोर्डवर लाल गोल, आत उद्गारचिन्ह, दोन बाजूंना कंस. हा दिवा लागला की बहुतेक गिऱ्हाइकं गाडी घेऊन येतात आणि म्हणतात, "जरा ब्रेक ऑइल टाकून द्या." माझं गॅरेज चिपळुणात आहे, कुंभार्ली घाट उतरून येणाऱ्या गाड्या वाटेवरच्या. ऑइल टाकायला दोन मिनिटं लागतात आणि दिवा जातोही. पण ब्रेक ऑइल पेट्रोलसारखं जळून संपत नाही. कमी झालं म्हणजे एकतर कुठून तरी गळतंय, नाहीतर पॅड झिजलेत. ते न बघता नुसतं ऑइल ओतणं म्हणजे दिव्याचं तोंड बंद करणं.

चावी ऑन केल्यावर दिवा लागतो आणि इंजिन सुरू करून हँडब्रेक सोडला की जातो, ते बरोबर आहे. गाडी स्वतःची तपासणी करते. चावी ऑन करून, इंजिन सुरू व्हायच्या आधीही दिवा लागतच नसेल तर दिवाच गेलाय, किंवा कोणीतरी मुद्दाम काढलाय. जुनी गाडी विकत घेताना हे आवर्जून बघा.

चालत्या गाडीत दिवा लागला तर हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघा. एक दात वर राहिला तरी दिवा लागतो, आणि तसाच चालवत राहिलात तर मागचे लायनर तापून करपतात. हँडब्रेक खाली असूनही दिवा तसाच असेल, तर ॲक्सिलरेटर सोडा, आरशात मागे बघा आणि ब्रेकवर हलका पाय द्या. पुढे काय करायचं ते आता पायाला कळेल.

पेडल नेहमीच्या उंचीवर, नेहमीसारखं कडक लागलं तर घाबरायचं कारण नाही. हळू, सरळ बाजूला घ्या. पेडल नेहमीपेक्षा खाली जात असेल, स्पंजसारखं लागत असेल किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल, तर गाडी जिथे सुरक्षित उभी राहील तिथेच उभी करा आणि टोइंगवाल्याला बोलवा. "गॅरेज चारच किलोमीटरवर आहे" हा हिशोब इथे चालत नाही. आपल्या छोट्या गाड्यांमध्ये ब्रेकच्या लाइनी साधारण तिरक्या विभागलेल्या असतात, पुढचं एक चाक आणि त्याच्या तिरकं मागचं एक. एक लाइन गेली तरी दुसरी असते, म्हणून गाडी थांबते खरी; पण उशिरा थांबते, आणि लोकांना वाटतं ब्रेक आहेत अजून.

गाडी सपाटीवर उभी करून बोनेट उघडा. ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या पत्र्याजवळ पांढरट प्लॅस्टिकची डबी असते, तिच्यावर मॅक्स आणि मिनच्या रेघा. झाकण न उघडताच बाहेरून पातळी दिसते. डबीत एक तरंगता खटका असतो, ऑइल मिनच्या खाली गेलं की तो दिवा लावतो. म्हणूनच दिवा कधी लागतो, कधी जातो. गेल्या पावसाळ्यात पाटणहून आलेले एक काका सांगत होते, वायरिंगमध्ये घोळ आहे, कोणाला सापडत नाही.

"काका, दिवा वळणावरच लागतो ना?"

"हो, नाहीतर जोरात ब्रेक मारला की. सरळ रस्त्यावर गुल."

डबीत ऑइल मिनच्या रेघेला टेकलेलं होतं. वळणावर ते एका बाजूला गेलं की खटका बसायचा. चाक खोललं, पुढच्या पॅडवर जेमतेम 2 मिलिमीटर माल शिल्लक. पॅड झिजला की कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन तेवढा पुढे येतो, त्याच्या मागची जागा ऑइल भरतं आणि डबीत पातळी उतरते. वायरिंगला कोणी हात लावायची गरजच नव्हती. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले, तसं ऑइल आपोआप वर आलं. आधीच कोणी डबी काठोकाठ भरली असती तर तेच ऑइल सांडून पत्र्याचा रंग उडाला असता. ब्रेक ऑइल रंग खातं; सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

पॅड 3 मिलिमीटरच्या खाली आले की बदलायचे. आणि चारही चाकांची आतली बाजू टॉर्च मारून बघा. टायरच्या आत ओलसर, तेलकट ओघळ दिसला तर व्हील सिलिंडर किंवा कॅलिपर गळतोय, गाडी हलवू नका. 22 जुलै 2021 च्या पुरात बुडालेल्या गाड्यांमध्ये हा प्रकार पुढे बरेच महिने निघत राहिला, आतून गंजलेले व्हील सिलिंडर आणि जाम झालेल्या हँडब्रेकच्या केबली.

ऑइल टाकायचंच असेल तर डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं तेच, बहुधा डॉट 3 किंवा डॉट 4, आणि सीलबंद बाटलीतलं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट 4 कोरडं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की तीच हमी 155 वर येते. कोकणातल्या हवेत अर्धी उघडी बाटली वर्षभर फळीवर ठेवून वापरणं म्हणजे पैसे देऊन पाणी टाकणं. दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला. इंजिन ऑइल किंवा खोबरेल तर अजिबात नको, आतली रबरं फुगून सगळी सिस्टिम बाद होते. हे प्रयोग करणारे लोक आहेत.

एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा. तिचा पिवळा दिवा एकटा लागला तर साधे ब्रेक लागतात, फक्त जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. पावसात चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल बसूनही होतं. सावकाश गॅरेजला या. पिवळा आणि लाल दोन्ही एकदम लागले तर मात्र मागच्या चाकांचा ब्रेक सांभाळणारी यंत्रणाही गेलेली असू शकते. तिथे पुढे जायचं नाही.

घाटातला खरा धोका दिवा दाखवतच नाही. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात की ऑइल तापून उकळतं, त्यात वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. डबी भरलेली असते, त्यामुळे दिवा बंदच. करपट वास आला, पेडल मऊ लागलं, की थांबा. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, अर्धा तास निवू द्या. डिस्कवर पाणी ओतू नका, वाकते किंवा तडकते. आणि निघताना तो दगड उचलून रस्त्याबाहेर टाका, मागून येणारा मोटरसायकलवाला कोणाचा तरी मुलगा असतो. मुळात ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरलात तर ही वेळच येत नाही.

तरीही चालत्या गाडीत पेडल गेलंच तर भराभर पंप करा, बऱ्याचदा थोडा ब्रेक परत मिळतो. सोबत एकेक गिअर खाली. हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो थोडाथोडा ओढा, एकदम ओढलात तर मागचं फिरेल. दांडीऐवजी नुसतं बटण असलेला इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत ते बटण ओढून धरून ठेवायचं. हॉर्न आणि पार्किंग लाइट चालू. चावी बंद करू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. काहीच जमलं नाही तर दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला गाडी घासत न्या. पत्रा नंतर ठोकता येतो.

काम झाल्यावर जुने पॅड मागून घ्या आणि ऑइल बदललं असेल तर चारही चाकांच्या ब्रेक लाइनीत अडकलेली हवा काढली का ते विचारा. मग गाडी सुरू करून, गिअर न टाकता, पेडल कडक लागेपर्यंत चार-पाच वेळा दाबा. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे गेलेले असतात, पहिला ब्रेक पोकळ जातो. आमच्या दारातून बाहेर पडलात की समोरच उतार आहे.