सीए इंटरचा लॉ: वाचू नका, लिहा

मे २०२४ ला मी सीए इंटर, म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट होण्याच्या वाटेवरची मधली परीक्षा, पहिल्यांदा दिली. एका ग्रुपच्या तीन पेपरांत शंभरपैकी मार्क असे होते: अकाउंट्स ६३, टॅक्स ५४, लॉ ३४. बेरीज १५१, म्हणजे ग्रुपला लागणारे पन्नास टक्के भरत होते. पण प्रत्येक पेपरला किमान ४० हवेत. लॉनं पूर्ण ग्रुप खाली ओढला. अकाउंट्सला साठच्या वर असल्यानं एक्झेम्प्शन मिळालं, म्हणजे तो पेपर पुन्हा द्यायचा नव्हता, तेवढाच दिलासा.

लॉ मी तीनदा वाचून काढला होता, पण लिहिला एकदाही नव्हता. सप्टेंबरला तोच लॉ ५६ मार्कांनी सुटला. मधल्या काळात जे केलं ते सांगते.

निकालानंतर आमच्या धान्याच्या दुकानामागच्या खोलीत टेबल मांडलं. रोज दुपारी पावणेदोनला बसायचं, कारण पेपर दोन ते पाच असतो आणि आधीची पंधरा मिनिटं वाचनाची. जेवणानंतरची झोप नेमकी तेव्हाच येते, तिची सवय आधीच मोडायला हवी. मोबाइल आईच्या गल्ल्यात.

उत्तर तीन परिच्छेदांत लिहायचं: कायदा काय सांगतो, प्रश्नात काय घडलंय, म्हणून निष्कर्ष काय. उदाहरण घ्या. कंपनी १० जूनला नोंदली गेली. मॅनेजिंग डायरेक्टरनं २५ जूनला एकट्यानंच पहिला ऑडिटर नेमला. माझं पहिलं उत्तर होतं, 'नेमणूक बरोबर, कारण तीस दिवसांच्या आत झाली.' नीट पाहिलं तर चूक दिसते. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३९(६) सांगतं की सरकारी कंपनी सोडून इतर कंपनीचा पहिला ऑडिटर संचालक मंडळानं नोंदणीपासून तीस दिवसांत नेमायचा. इथे मुदत पाळली, पण नेमणारा चुकला. म्हणून नेमणूक अवैध. मंडळानं मुदतीत नेमला नाही, तर सभासदांना कळवायचं आणि सभासदांनी नव्वद दिवसांत विशेष सर्वसाधारण सभेत नेमायचा. एका प्रश्नात 'कोण' आणि 'कधी' या दोन गोष्टी वेगळ्या तपासायच्या, हे मला इथे कळलं. त्यानंतर प्रत्येक कलमासमोर मी वहीत हे दोनच शब्द लिहायला लागले.

कलम क्रमांक आठवत नसेल तर चुकीचा लिहू नका. 'कंपनी कायद्यातील तरतुदीनुसार' असं लिहून पुढे जा.

वेळेचं गणित आधीच ठरवा. ३० मार्कांच्या एमसीक्यूंना (पर्यायांतून उत्तर निवडायच्या प्रश्नांना) मी पंचेचाळीस मिनिटं देत असे. उरतात १३५ मिनिटं आणि ७० मार्क, म्हणजे पाच मार्कांच्या उत्तराला साधारण साडेनऊ मिनिटं. एमसीक्यूंना निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही कोरा सोडू नका.

लिहून झाल्यावर परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या (आयसीएआयच्या) सजेस्टेड आन्सर्सशी, म्हणजे छापील नमुना उत्तरांशी, ताडायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात मोलाचंही तेच आहे. आपलं उत्तर मनात चांगलंच वाटतं, म्हणून मी लाल पेन धाकट्या भावाकडे दिलं. त्याला कायदा कळत नाही, पण छापील उत्तरातला मुद्दा माझ्या वहीत आहे की नाही हे त्याला दिसतं. पहिल्या आठवड्यात निम्मे मुद्दे गायब होते.

मॉक टेस्ट पेपर आणि आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर, म्हणजे उजळणीचे सराव प्रश्न) संस्थेच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. तेवढे पूर्ण झाले की मग बाहेरचं काही घ्या. आरटीपीतले तुमच्या अटेम्प्टला लागू असलेले बदल आधी पाहून घ्या, नाहीतर जुन्या नोट्सवर विसंबून तुम्ही रद्द झालेली तरतूद लिहून याल.

शेवटच्या पंधरा दिवसांत मी नवीन काहीच उघडलं नाही. वहीच्या मागच्या पानांवर मी माझ्या चुका तारखेनिशी लिहून ठेवल्या होत्या. पेपरच्या आदल्या रात्री ती अकरा पानं दोनदा वाचली आणि साडेदहाला दिवा मालवला.