दुसऱ्या काठावरचा वॉचमन

पीएचडीच्या सिनॉप्सिसला मी मोठ्या झोकात नाव दिलं होतं : ‘बृहन्मुंबईतील अल्प व उच्च उत्पन्न गटांतील इयत्ता सहावीच्या विद्यार्थ्यांच्या गणितातील संपादणुकीचा तौलनिक अभ्यास’. माझ्या मार्गदर्शक सरांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, “गरीब मुलं मिळतील. श्रीमंत कुठून आणणार?” मला वाटलं गंमत करताहेत. मुंबईत श्रीमंतांना काय तोटा?

पुढची दीड वर्षं त्या एका प्रश्नात गेली. या विषयात एमए, एमएड किंवा पीएचडी करायचं तुमच्या मनात असेल, तर माझे हेलपाटे तुमच्या वाट्याला कमी यावेत म्हणून हे लिहितेय.

वाचनापासून सुरुवात करते, कारण माझी पहिली चूक तिथलीच. या विषयाचं काहीही उघडा, अमेरिकेतला १९६६ चा कोलमन अहवाल समोर येतोच. सहा लाखांहून जास्त विद्यार्थ्यांची माहिती त्यात होती आणि शाळेच्या सोयीसुविधांपेक्षा मुलाच्या घरची पार्श्वभूमी जास्त बोलते, असं त्यातून दिसलं. मग २०११ चा शॉन रिअर्डन यांचा अभ्यास. उत्पन्नाच्या शिडीवर वरून दहाव्या टक्क्यावरचं घर आणि खालून दहाव्या टक्क्यावरचं घर, यांतल्या मुलांच्या गुणांमधला फरक त्यांनी मोजला. २००१ मध्ये जन्मलेल्या मुलांमध्ये ही दरी २५ वर्षं आधी जन्मलेल्यांपेक्षा ३० ते ४० टक्के रुंद होती. मी भारावले आणि हीच पद्धत मुंबईला लावायची ठरवून बसले. पण तिला एकाच मुलाच्या घरचं उत्पन्न आणि त्याचेच गुण, दोन्ही लागतात. तिकडे मोठ्या सर्वेक्षणांत ते जोडीनं मिळतात. आपल्याकडे काय आहे ते आधी पाहावं, हे मला सुचलं नाही.

तर काय आहे? ‘असर’ हे सर्वेक्षण २००५ पासून आहे, घरोघरी जाऊन मुलांचं वाचन आणि गणित तपासतं, पण ते ग्रामीण भारताचं चित्र. ते काढणारी ‘प्रथम’ संस्था मुंबईच्या वस्त्यांमधून उभी राहिली, तरी मुंबई त्यात नाही. माझी एक मैत्रीण ‘असर’चे आकडे घेऊन धारावीवर निबंध लिहायला बसली होती, तिला वेळेत थांबवलं. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७ आणि २०२१ मध्ये झालं, डिसेंबर २०२४ मध्ये त्याचाच नवा अवतार ‘परख’ झालं, त्यात सहावीही आहे. पण तिथं निकाल जिल्ह्याचा मिळतो. आता मुंबई उपनगर जिल्हा डोळ्यांसमोर आणा. जुहूही त्यातच आणि गोवंडीचं शिवाजीनगरही त्यातच. दोघांची सरासरी काढली की दरी गायब. यूडायसवर, म्हणजे सरकारच्या शाळांच्या माहितीसाठ्यात, शाळा सापडते, तिचं माध्यम, पटसंख्या, शौचालयं सापडतात. घर सापडत नाही.

बोर्डाच्या टक्क्यांवरून तुलना करायचा मोहही टाळा. एसएससीचे ८५ आणि आयसीएसईचे ८५ हे एका मापाचे नव्हेत, आणि आयबीच्या शाळांचा हिशोबच वेगळा. म्हणजे चाचणी आपणच बनवायची आणि घरोघरी आपणच जायचं.

उत्पन्न विचारणं हा एक स्वतंत्र धडा आहे. मानखुर्दला पहिल्या घरात मी छापील प्रश्न वाचला, “कुटुंबाचं मासिक उत्पन्न किती?” बाई हसल्या. नवरा नाक्यावर उभा राहतो, काम लागलं तर लागलं. महिन्याचा आकडा कुठून आणायचा? शिवाय कागद घेऊन आलेल्या माणसाला कमी सांगावं हे शहाणपण, कारण कागद म्हणजे दाखला आणि दाखला म्हणजे योजना. दुसऱ्या टोकाला नेमकं उलट नाही, तिथं उत्तरच नाही. “ते आम्ही शेअर करत नाही.”

म्हणून मी बाजार संशोधनवाल्यांची एनसीसीएस ही ग्राहक कुटुंबांची वर्गवारी घेतली. घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि अकरा गोष्टींपैकी घरात किती आहेत, एवढंच विचारायचं : वीज, पंखा, गॅस, टीव्ही, फ्रिज, दुचाकी वगैरे. लोक आनंदानं सांगतात. पण त्या अकरांत शेतजमीनही आहे. मानखुर्दच्या एका काकांची जालन्याकडे दीड एकर कोरडवाहू, त्यांच्या नावापुढे खूण पडली. प्रभादेवीच्या एका टॉवरमधल्या घरात तोच रकाना रिकामा. खरी अडचण पुढे होती. टॉवरमधली सगळी घरं यादीच्या वरच्या टोकाला जाऊन चिकटली. पंखा-फ्रिज-गाडी सगळ्यांकडेच, एकाची मुलगी सुट्टीत स्वित्झर्लंडला जाते आणि दुसऱ्याच्या ईएमआयनं नाकात दम आणलाय, हा फरक त्या यादीला दिसतच नाही. खाली चालणारं माप वर गेलं की आंधळं होतं. मी नंतर आपले चार प्रश्न घातले : आईचं शिक्षण, मुलाला स्वतंत्र टेबल आहे का, अभ्यासाच्या पुस्तकांखेरीज घरात पुस्तकं किती, आणि आठवड्यात किती क्लास. शेवटच्या प्रश्नानं सगळ्यांत जास्त माहिती दिली. क्लास मानखुर्दलाही असतो बरं का! तिथं एकाच खोलीत पहिली ते सातवी एकत्र बसतात आणि बारावी झालेली ताई सगळ्यांचा गृहपाठ करून घेते.

चाचणीचंही तेच झालं. मी सहावीच्या अभ्यासक्रमावर २५ प्रश्नांची चाचणी बनवली आणि पायलट, म्हणजे छोटी रंगीत तालीम, घेतला. एका खासगी शाळेत निम्म्याहून जास्त मुलांना पैकीच्या पैकी. पालिकेच्या शाळेत बरीच मुलं चार-पाचवर अडकलेली. मी खूश, केवढा फरक! सर म्हणाले, “पैकीच्या पैकीवाल्या मुलाला अजून किती येतं, ते तुला कळलं का? आणि चारवाल्याला तिसरीचं तरी येतं का, ते कळलं?” दोन्ही नाही. विहीर खोल आणि पोहरा तोकडा. मग तिसरीपासून आठवीपर्यंतचे प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावून नवी चाचणी केली. पायलट दोन्हीकडच्या मुलांवर घ्या. एकाच शाळेत घेतलात तर हे कळणारच नाही, आणि सोयीची शाळा नेहमी एकाच बाजूची असते.

भाषेला मी दोन महिने ठेवले होते, पाच गेले. पालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या. माझ्या नमुन्यात मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी आली. उर्दूत वाक्य उजवीकडून डावीकडे आणि आकडे डावीकडून उजवीकडे. माझ्या पहिल्या छपाईत वजाबाकीची एक ओळ उलटी झाली आणि एका वर्गातल्या सगळ्या मुलांनी लहानातून मोठी संख्या वजा केली. चूक माझी, गुण त्यांचे गेले. तो प्रश्न वगळला. संख्या तोंडी विचारणार असाल तर आणखी एक गोष्ट : २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ आलं आणि त्यावर केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. त्या वर्षीची मुलं ‘बासष्ट’ ऐकून क्षणभर थांबली, तर त्याला गणित न येणं समजू नका.

आता वॉचमन.

गरीब बाजूची दारं मला तीन आठवड्यांत उघडली. परवानगीचं पत्र, मुख्याध्यापकांचा चहा, मग वस्ती. पाणी यायच्या वेळी जायचं नाही, एवढं सांभाळलं की लोक बसवून घेतात. दुसऱ्या बाजूला मी १९ शाळांना मेल पाठवले. चारांनी उत्तर दिलं, एकीनं होकार. त्या शाळेनं चाचणीच्या आदल्या संध्याकाळी फोन करून नाही म्हटलं. पालकांनी विचारलं होतं, निकाल कुठं छापणार?

शेवटी ओळखीपाळखीतून पहिलं घर मिळालं, प्रभादेवीला, २३ वा मजला. गेटवरच्या रजिस्टरमध्ये कामाच्या रकान्यात मी ‘संशोधन’ लिहिलं. वॉचमननं ते दोनदा वाचलं. “पार्सल कुठंय?” मी म्हटलं, पार्सल नाही, मुलाला काही प्रश्न विचारायचेत. “म्हणजे ट्यूशनवाल्या मॅडम ना? मग सर्व्हिस लिफ्ट.” सर्व्हिस लिफ्टमध्ये माझ्याबरोबर दोन मोलकरणी, एक कुत्रा फिरवणारा मुलगा आणि दुधाचा क्रेट. वर गेल्यावर मुलाची आई शेजारी बसली आणि प्रत्येक प्रश्नाला “नीट वाच परत” म्हणू लागली. तेव्हा मला मानखुर्दची खोली आठवली. तिथं दारातून चार पोरं डोकावून उत्तर ओरडत होती. मदत दोन्हीकडे होतीच. फक्त एकीकडची मी नोंदवहीत ‘व्यत्यय’ म्हणून लिहिली होती आणि दुसरीकडची लिहिलीच नव्हती. परत जाऊन दोन्ही सारखी लिहिली.

याच काळात मला एक सोपा रस्ता दिसला होता. माझ्या नमुन्यातल्या एका मुलीची आई चेंबूरच्या एका मोठ्या बिल्डिंगमध्ये तीन घरी स्वयंपाक करते. ती आपणहून म्हणाली, “मॅडम, आमच्या भाभींचा मुलगा पण सहावीतच आहे, मी सांगते त्यांना.” मी जवळजवळ हो म्हटलंच होतं. सरांनी अडवलं. आपली मुलगी ‘गरीब’ रकान्यात आहे हे तिच्या मालकिणीला कळणार. उद्या भाभींनी सहज विचारलं, “तुझ्या मुलीला किती पडले गं?” तर ती काय सांगणार? आणि मी एकदा घरात शिरले की ते न विचारायची सक्ती मी कुणावर करणार? संमतीपत्रावर पालकांची सही घेतली म्हणजे काम झालं असं एथिक्स कमिटीच्या फॉर्मवरून वाटतं. अशी प्रकरणं त्या फॉर्ममध्ये येत नाहीत. मुलाला स्वतःला वेगळं विचारा, आणि तो नको म्हणाला तर आईची सही असूनही उठून या. मी दोनदा आले.

दोन्ही बाजूंची मुलं एकाच वर्गात हवी असतील तर आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत राखलेल्या, २५ टक्के जागा सुचतात. चांगली कल्पना आहे, पण दोन गोष्टी बघा. महाराष्ट्रात आर्थिक दुर्बल गटाला वर्षाला १ लाखाची मर्यादा आहे, वंचित गटाला उत्पन्नाची अट नाही. तेव्हा आरटीईतलं प्रत्येक मूल गरीब धरलंत तर फसाल. दुसरं, सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून वगळणारी फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केली. त्या वर्षीच्या प्रवेशांचा डेटा वापरणार असाल तर तारखा जपून लावा. अर्ज जागांपेक्षा जास्त आले की लॉटरी निघते, आणि लॉटरी म्हणजे संशोधकाला आयतं घबाड : लागलेली आणि न लागलेली मुलं सुरुवातीला सारखीच. मला हे फार उशिरा कळलं. तुम्ही करा.

आकडेमोडीवर फार लिहीत नाही, ती शिकवणारे पुष्कळ आहेत. दरी गुणांमध्ये न सांगता प्रमाण विचलनात (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) सांगा, म्हणजे इतरांशी ताडून बघता येते. मोठी की छोटी याचा अंदाज हवा असेल तर आपल्याच शहरातलं उदाहरण आहे. बालसखी योजनेत वस्तीतल्याच मुली तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं शिकवायच्या. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या त्या प्रयोगावरचा अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा लेख २००७ मध्ये आला. सरासरी गुण पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनानं वाढले होते. माझ्या दोन टोकांमधली दरी याच्या कितीतरी पट निघाली, तेव्हा मी तो आकडा तीनदा तपासला. आणि एका वर्गातली ३० मुलं म्हणजे ३० सुटी मुलं नव्हेत, त्यांचे बाई एकच असतात. मूल आणि वर्ग हे थर वेगळे धरणारं मल्टिलेव्हल मॉडेल शिकून घ्या, व्हायवात (तोंडी परीक्षेत) हे विचारतातच. मला तर त्याआधी, “श्रीमंत गटात फक्त ४१?” असं विचारलं. मी सर्व्हिस लिफ्टची गोष्ट सांगितली. बाहेरून आलेले परीक्षक हसले, सर हसले नाहीत.

निकाल मुलांच्या घरी परत न्यायचे, हे मी सिनॉप्सिसमध्ये एका ओळीत लिहून टाकलं होतं. प्रत्यक्षात त्याला सहा रविवार लागले. चेंबूरला स्वयंपाक करणाऱ्या त्या बाईंकडे गेले तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. तक्त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. “पोरीला काय येत नाही, ते सांगा.” मी उत्तरपत्रिका काढली. बेरीज, गुणाकार ठीक. हातच्याची वजाबाकी येत होती, पण वरच्या संख्येत शून्य आलं की अडत होती. ५०० वजा २६७ चं उत्तर ३६७ लिहिलं होतं. बाईंनी डब्याखालची विजेच्या बिलाची जुनी पावती ओढली, मागची कोरी बाजू माझ्यापुढे केली. “अशी दहा लिहून द्या. शून्याचीच.” मी लिहायला लागले. पाचवं लिहून झालं तोवर मुलगी पेन्सिल घेऊन शेजारी येऊन बसली होती.