फाइल व्हॅलिड, तरी गाणं भलत्याच पानावर? मेटाडेटाच्या या चुका टाळा

"फाइल तर व्हॅलिड दाखवतेय, मग गाणं दिसत का नाही?" आमच्याकडे हा फोन ठरलेला. लेबलकडून स्ट्रीमिंग सेवांकडे गाण्याची माहिती, म्हणजेच मेटाडेटा, बहुतेक वेळा डीडेक्सच्या ईआरएन नावाच्या ठरलेल्या साच्यात, एक्सएमएल फाइल म्हणून जाते. डीडेक्स ही असे साचे ठरवणारी संस्था, २००६ सालची. तिच्या साच्यात ध्वनिमुद्रणं, रिलीज आणि डील (गाणं कुठे आणि कधीपासून वाजवायचं ते) असे मुख्य भाग येतात. व्हॅलिडेटर, म्हणजे फाइल तपासणारं सॉफ्टवेअर, तपासतो तो हा साचा. आत लिहिलेलं खरं की खोटं, हे त्याला काय ठाऊक?

सगळ्यात जास्त घोळ आयएसआरसीचा. १२ अक्षरांचा हा कोड ध्वनिमुद्रणाचा असतो. रचनेचा नाही आणि अल्बमचाही नाही. तेच ध्वनिमुद्रण आषाढीच्या संकलनात घेतलं तर कोड जुनाच लावायचा. लोक हौसेने नवा काढतात आणि मग जुने प्ले कुठे गेले म्हणून विचारतात. उलट तोच अभंग पुन्हा गायला किंवा रीमिक्स केला, तर नवा कोड हवाच. सहावं-सातवं अक्षर वर्षाचं, पण ते कोड दिल्याचं वर्ष. १९६५ची टेप आज डिजिटल करून तिला पहिल्यांदाच कोड देत असाल, तर तिथे ६५ घालू नका.

अभंगांचा आणखी एक ठरलेला प्रकार: मुख्य कलाकाराच्या रकान्यात 'संत तुकाराम'. तुकोबांना बिचाऱ्यांना गायक करून टाकतात! त्यांची जागा गीतकाराच्या भूमिकेत. चाल कोणाची, गायलं कोणी, हे वेगळं लिहा.

एक्सेल हा तर घरचा भेदी. १३ आकडी बारकोडचं तो ८.९ई+१२ करून ठेवतो, सुरुवातीचं शून्य गिळतो. आकडे भरण्याआधीच रकाना 'टेक्स्ट' करा, नंतर करून उपयोग नाही.

आता खास मराठी दुखणं. आडनावात 'ऱ्ह' असलेल्या एका गायिकेच्या अल्बममधली आठ गाणी स्ट्रीमिंग सेवेवरच्या एका कलाकार-पानावर आणि दोन दुसऱ्याच पानावर गेली. दोन्हीकडचं नाव डोळ्यांना अगदी तेच. अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याचा 'ऱ' घेऊन, नाहीतर साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक घेऊन. यंत्राच्या लेखी ती दोन नावं. संशय आला की एका यादीतलं नाव कॉपी करून दुसऱ्या यादीत शोधा. समोर दिसतंय पण सापडत नाही, म्हणजे बहुधा हेच. रोमन स्पेलिंगही एकदाच ठरवा, आणि कलाकाराचा आयएसएनआय (नावाची ओळख पक्की करणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) असेल तर तो नावासोबत पाठवाच.

भाषेचा कोड 'एमआर' असतो. जुनी फाइल कॉपी केली की तिथे हिंदीचा 'एचआय' तसाच राहतो.

सगळं बरोबर असूनही गाणं दिसत नसेल तर डील उघडा. सुरुवातीची तारीख पुढच्या महिन्याची असते, किंवा प्रदेशात फक्त भारत असतो आणि फोन दुबईहून आलेला असतो. गाणं काढायचं असेल तर पुढच्या फाइलमधून ते नुसतं वगळून भागत नाही. त्याच रिलीजसाठी नवी फाइल पाठवून डील संपल्याचं कळवावं लागतं. तोवर सेवा ते वाजवतच राहते.