चुकीची गोळी काउंटरवरून गेली तर

औषधाच्या दुकानात मेथोट्रेक्सेटची चिठ्ठी हातात आली की आधी वार ठरवायचा. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकाच दिवशी घेतात. चिठ्ठीवर ७.५ मिलिग्रॅम असेल आणि गोळी २.५ची असेल, तर त्या एका दिवशी तीन गोळ्या. त्याच तीन गोळ्या पेशंट रोज घेऊ लागला तर काही दिवसांत तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घसरतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून पाकिटावर ‘आठवड्यातून एकदा’ एवढंच लिहून थांबू नका, ‘फक्त रविवारी, ३ गोळ्या’ असं लिहा. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळीही पिवळी आणि लहान असू शकते. तिचं पाकीट वेगळं ठेवा.

नव्या माणसाला वाटतं की चूक अक्षर न लागल्यामुळे होते. अक्षर लागलं नाही तर आपण निदान कुणाला तरी विचारतो. घात होतो तो नीट वाचता येणाऱ्या नावात. ग्लायकोमेट म्हणजे नुसतं मेटफॉर्मिन, मधुमेहाचं औषध. ग्लायकोमेट जीपी १ म्हटलं की त्यात ग्लिमेपिराइड हे मधुमेहाचं दुसरं औषधही आलं, आणि रक्तातली साखर एकदम उतरू शकते. शेपटाकडची ती दोन अक्षरं घाईत डोळ्यांतून निसटतात. त्यासाठी अशा जोड्या शेजारच्या खणात ठेवूच नका, आणि परत आलेली पट्टी खणात टाकण्याआधी नाव पुन्हा वाचा. पट्टी कापताना नाव, बॅच आणि एक्स्पायरी असलेली बाजू शेवटपर्यंत राखायची. ‘कंटेंट तोच आहे’ म्हणून शेड्यूल एच, एच१ किंवा एक्समधल्या, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या, औषधाऐवजी दुसरी कंपनी परस्पर द्यायला औषध नियमावलीतला नियम ६५ परवानगी देत नाही. डॉक्टरांना फोन करा.

इन्सुलिनमध्ये सिरिंज पाहणं बाटली पाहण्याइतकंच महत्त्वाचं. आपल्याकडे मिलिलिटरला ४० युनिटच्या बाटल्याही मिळतात आणि मिलिलिटरला १०० युनिटचं इन्सुलिनही. लाल टोपीची सिरिंज ४०साठी, केशरी टोपीची १००साठी. १००चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २०च्या रेघेपर्यंत ओढलं तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट, अंगात जातं. अडीचपट! बाटली आणि सिरिंज शेजारी धरून दोन्हींवरचे आकडे मोठ्याने वाचा.

लहान मुलांच्या पॅरासिटामॉलचंही असंच. थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२५. दहा किलोच्या बाळाला सिरप ४ मिलिलिटर ठीक, पण थेंबांच्या बाटलीतून तेवढंच दिलं तर ४०० मिलिग्रॅम होतं. आईला ‘अर्धा चमचा’ सांगू नका. मापावरची रेघ पेनाने खूण करून दाखवा.

पिशवी देताना विचारा, “काका, डॉक्टरांनी ही कशासाठी दिली आहे?” उत्तर ‘पित्तासाठी’ आलं आणि तुमच्या हातात मधुमेहाची गोळी असेल, तर चूक तिथेच सापडते. इतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही.

तरीही चूक गेली आणि लक्षात आली, तर बाकीची बिलं थांबवून आधी पेशंटला फोन. यासाठीच प्रत्येक बिलावर मोबाइल नंबर हवा. पुढचा डोस घेऊ नका म्हणा, किती गोळ्या कधी घेतल्या आणि आत्ता कसं वाटतं ते विचारा. उलटी करायला सांगू नका. मधुमेह नसलेल्याने ग्लिमेपिराइड घेतली असेल आणि तो शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर लगेच साखरपाणी द्यायला सांगा आणि दवाखान्यात पाठवा. बरं वाटलं म्हणून घरी थांबू देऊ नका, साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. मग डॉक्टरांना औषधाचं नाव, ताकद, संख्या आणि वेळ कळवा. पेशंटला सरळ सांगा, “आमच्याकडून चुकीची गोळी गेली.” लपवालपवीत उपचाराचे तास वाया जातात.

चुकीची पट्टी परत मागवून वेगळी ठेवा, खणात टाकू नका. बिल खोडू किंवा बदलू नका. आणि एक गोष्ट हमखास राहून जाते: पट्टी चुकीच्या खणातूनच निघाली असेल, तर त्याच खणातून आणखी कुणाला गेली? तो माल आल्यापासूनची बिलं तपासा.

नोंद त्याच पाळीत करा. काय घडलं, किती वाजता, कुणाच्या लक्षात कसं आलं, एवढंच. कुणावर ठपका नको. रुग्णालयात औषधांच्या चुकांसाठी ए ते आय अशी श्रेणी वापरतात: बी म्हणजे पेशंटपर्यंत न पोचलेली चूक, सी म्हणजे पोचली पण इजा नाही, ई पासून पुढे इजा, आय म्हणजे मृत्यू. इजा झाली असेल तर गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाच्या औषध-दक्षता कार्यक्रमाला, म्हणजे औषधांमुळे झालेल्या इजांची नोंद ठेवणाऱ्या कार्यक्रमाला, कळवा, हेल्पलाइन १८००-१८०-३०२४. फार्मासिस्ट कळवू शकतो, पेशंटही. कळवण्याचा अर्ज भरणं म्हणजे दोष कबूल करणं नव्हे, असं त्या अर्जावरच छापलेलं असतं.

काउंटरवरच पकडलेल्या चुकांसाठीही एक वही ठेवा. एकाच खणाचं नाव तीनदा आलं की माणसाला बोलू नका, खण हलवा.