परदेशात सायकल स्वस्त? हिशेब मांडताना या चुका टाळा

तोच टायर, तीच रुंदी, तोच रंग, आणि परदेशी दुकानाच्या पानावर किंमत जवळजवळ निम्मी. हे दिसलं की जवळचा दुकानदार आपल्याला लुटतोय अशी खात्री पटायला पाच सेकंद पुरतात. कधीकधी ती खरीही असते. पण बहुतेक वेळा आपण एका बाजूला दुकानाच्या शेल्फवरची किंमत धरतो आणि दुसऱ्या बाजूला जोडून, तपासून, कर भरून दारात उभ्या केलेल्या सायकलची. हे दोन आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही.

करासह किंमत आणि कराविना किंमत

अमेरिकेतल्या दुकानांच्या किमतींत विक्रीकर धरलेला नसतो. तो बिलाच्या वेळी लागतो आणि राज्यागणिक बदलतो. युरोपात आणि ब्रिटनमध्ये ग्राहकाला दाखवलेल्या किमतीतच व्हॅट असतो. म्हणून अमेरिकी किंमत युरोपीय किमतीपेक्षा कमी दिसली तर लगेच भुलू नका. दोन्ही आकडे आधी करमुक्त करा, मग तुलना करा.

तो कर काढतानाच दुसरी चूक होते, आणि हिशेबात पक्के असलेले लोकही ती करतात. जर्मनीत व्हॅट १९ टक्के आहे, म्हणून निर्यातीवर तो वगळला की किंमत १९ टक्क्यांनी उतरेल असं वाटतं. उतरते जेमतेम १६ टक्के. कारण कर मूळ किमतीवर लागलेला असतो: १०० ची वस्तू ११९ ला, आणि ११९ मधले १९ म्हणजे १५.९७ टक्के. ब्रिटनच्या २० टक्क्यांचे असेच १६.६७ होतात. छापील किमतीला १.१९ किंवा १.२० ने भागायचं, टक्के वजा करायचे नाहीत.

प्रवासात खरेदी करून विमानतळावर व्हॅट परत घेऊ, असा बेत असेल तर परतावा देणाऱ्या कंपन्या आपलं शुल्क कापतात हे लक्षात ठेवा. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तर पर्यटकांसाठीची ही सोय १ जानेवारी २०२१ पासून बंदच आहे. जुन्या प्रवासवर्णनांच्या भरवशावर राहू नका.

शुल्क दुकानाच्या देशावर लागतं, ही समजूत

आयात शुल्क ठरवताना सायकल विकली कुठे यापेक्षा ती बनली कुठे हे पाहिलं जातं. इटालियन नावाची, इटलीतल्या दुकानातून घेतलेली सायकल चीनमध्ये किंवा तैवानमध्ये बनलेली असू शकते, आणि मग युरोपीय संघाशी असलेल्या व्यापार कराराची सवलत तिला मिळत नाही. हा फरक किरकोळ नसतो. युरोपीय संघाने चिनी सायकलींवर १९९३ मध्ये ३०.६ टक्के अँटी-डंपिंग (अवाजवी स्वस्त आयात रोखणारं) शुल्क लावलं आणि २००५ मध्ये ते ४८.५ टक्क्यांवर नेलं. हे नेहमीच्या सीमाशुल्काच्या वर. मागवण्याआधी दुकानाला एकच प्रश्न विचारा: मूळ देश कोणता? उत्तर न देणाऱ्या दुकानाकडून मी तरी महागाची वस्तू घेत नाही.

शुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागतं ही समजूतही महागात पडते. बहुतेक देश वस्तू, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर शुल्क लावतात, आणि मग शुल्कासह झालेल्या रकमेवर स्थानिक कर. समजा कराविना सायकल १००, वाहतूक २०, विमा २. झाले १२२. त्यावर शुल्क १५ टक्के धरलं तर १४०.३०. त्यावर २० टक्के कर धरला तर १६८.३६. कुरिअर कंपनीचं हाताळणी शुल्क अजून यात नाही. आता जवळच्या दुकानातली १६५ ची सायकल पाहा. पहिल्या नजरेला ती ६५ टक्के महाग होती!

लहान पार्सलला कर लागत नाही, हा सल्लाही शिळा झालाय. युरोपीय संघात २२ युरोपर्यंतची व्हॅटमाफी १ जुलै २०२१ ला संपली. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्वच देशांच्या मालासाठी थांबली. दोन-तीन वर्षांपूर्वी मित्राला काय लागलं होतं याला आज अर्थ नाही.

खोक्याचं वजन काट्यावर नसतं

सायकलचं खोकं हलकं पण अवाढव्य. कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात, आणि हे आकारमानी वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्याचेच पैसे घेतात. १४० × ८० × २२ चं खोकं घ्या. काट्यावर पंधरा किलोच्या आसपास, पण बिलावर ४९.२८ किलो. रिम आणि तयार चाकांचंही असंच होतं. उलट कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच), चेन, क्लीट (बूट पॅडलला अडकवणारी पट्टी), हत्यारं ही लहान, जड आणि महाग मंडळी. परदेशी खरेदीत फायदा झालाच तर यांच्यात होतो.

नाव एक, सायकल दुसरी

एकाच वर्षाचं, एकाच नावाचं मॉडेल वेगवेगळ्या बाजारांत वेगवेगळ्या भागांसह विकलं जातं. डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, तोच, जाहिरातीत त्याचंच नाव मोठं. पण कॅसेट खालच्या श्रेणीची, चेन दुसऱ्या कंपनीची, क्रँक (पॅडलचा दांडा) बिननावाचा, चाकं जड. किमतीतला अर्धा फरक इथेच दडलेला असतो. म्हणून मॉडेलचं नाव सोडा आणि भागांचे क्रमांक जुळवा. कॅसेट, क्रँक, ब्रेक, हब (चाकाचा मधला तुंबा) आणि टायर हे पाच जुळले तर पुढे बोलू.

सुट्या भागांतही दोन जाती असतात. एक रंगीत खोक्यातली, ग्राहकासाठी. दुसरी तपकिरी खोक्यातली किंवा नुसत्या पिशवीतली, सायकल बनवणाऱ्या कारखान्यांसाठी. भाग बहुधा तोच, पण दुसऱ्यात माहितीपत्रक नाही, कधी स्क्रू किंवा केबल नाहीत, आणि वॉरंटीचा प्रश्न आला की विक्रेता कारखान्याकडे बोट दाखवतो. एकदा मी स्वस्तात ब्रेक लीव्हर मागवले. आले ते होज (ब्रेकच्या तेलाची नळी) आणि ऑलिव्ह (नळीच्या जोडाची कडी) यांच्याशिवाय. ते वेगळे घेऊन, मेकॅनिकला ब्लीडिंगचे, म्हणजे तेलातली हवा काढण्याचे, पैसे देऊन झाले तेव्हा बचतीतून चहा तेवढा उरला.

मग येतो बसण्या-न बसण्याचा मुद्दा. कॅसेट मागच्या हबवरच्या ज्या भागावर बसते तो फ्रीहब, आणि त्याचे प्रकार वेगवेगळे. शिमानो या कंपनीच्या रोड सायकलींच्या १२ स्पीड कॅसेट ११ स्पीडच्या एचजी प्रकारच्या फ्रीहबवर बसतात, पण त्यांच्याच माउंटन बाइकच्या १२ स्पीड कॅसेटना मायक्रोस्प्लाइन प्रकारचा लागतो. स्रॅम या दुसऱ्या कंपनीचे एक्सडी आणि एक्सडीआर हे फ्रीहब दिसायला जुळे, पण एक्सडीआर १.८५ मिलिमीटर लांब. स्वस्त चाकं मागवून मग नवा फ्रीहब शोधणारे लोक कमी नाहीत. जवळच्या दुकानात हा घोळ काउंटरवरच मिटतो.

ब्रेकची बाजू तर खरेदी करताना कुणाच्या ध्यानातच येत नाही. ब्रिटन, जपान आणि ऑस्ट्रेलियात उजव्या हाताला पुढचा ब्रेक, तर अमेरिकेत आणि युरोपच्या मुख्य भूमीवर उजव्या हाताला मागचा. अनोळखी बाजूचा ब्रेक उतारावर घाईत दाबला की काय होईल ते सांगायला नको. केबलचे ब्रेक असतील तर अदलाबदल तासाभराचं काम. हायड्रॉलिकमध्ये होज सोडायचे, नवे ऑलिव्ह घालायचे आणि ब्लीड करायचं. ही मजुरी किमतीत धरा.

हेल्मेटच्या बाबतीत मी हट्टी आहे. युरोपचं ईएन १०७८ आणि अमेरिकेचं सीपीएससी हे एकच मानक नव्हे. सपाट ऐरणीवरच्या चाचणीत पहिल्याचा वेग सेकंदाला ५.४२ मीटर, दुसऱ्याचा ६.२ मीटर. ऑस्ट्रेलियाचं स्वतःचं एएस/एनझेडएस २०६३ आहे. आपल्या देशात कोणतं मानक चालतं हे आधी पाहा, विशेषतः शर्यतीत उतरणार असाल तर. आणि मानकाची चिठ्ठीच नसलेलं हेल्मेट कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

इलेक्ट्रिक सायकल परदेशातून आणायचा मोह असेल तर थांबा. युरोपात मोटरची मदत ताशी २५ किलोमीटरला थांबते आणि सातत्याची क्षमता २५० वॅट, तर अमेरिकेत पहिल्या वर्गाच्या (क्लास १) ई-सायकलची मर्यादा ताशी २० मैल, म्हणजे साधारण ३२ किलोमीटर. एका देशातली सायकल दुसऱ्या देशात मोपेड ठरू शकते. शिवाय प्रवासी विमानात सामान म्हणून १६० वॅट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही, आणि ई-सायकलची बॅटरी सहसा त्याच्या तिप्पट-चौपट असते.

वॉरंटीची किंमत शून्य धरणं

बऱ्याच कंपन्या वॉरंटी ज्या देशात विक्री झाली तिथल्या अधिकृत विक्रेत्यामार्फतच देतात, आणि पहिल्या खरेदीदारालाच. फ्रेमला तडा गेला तर ती पुन्हा त्याच खोक्यात घालून, तेच ४९ किलो मोजून परत पाठवायची.

सप्टेंबर २०२३ चं उदाहरण घ्या. जून २०१२ ते जून २०१९ दरम्यान बनलेल्या शिमानोच्या ११ स्पीड अल्टेग्रा आणि ड्युरा-एस क्रँकचे जोडलेले भाग सुटू शकतात, म्हणून कंपनीने तपासणी जाहीर केली. एकट्या अमेरिकेत आणि कॅनडात सुमारे ७ लाख ६० हजार नग. तपासणी व्हायची अधिकृत विक्रेत्याकडे. ज्यांचं जवळच्या दुकानाशी नातं होतं त्यांना फोन करून वेळ मिळाली. बाकीच्यांनी आधी दुकान शोधलं.

परदेशी दुकानही टिकेलच असं नाही. विगल आणि चेन रिअॅक्शन ही सायकलवाल्यांना जगभर माहीत असलेली ब्रिटिश नावं ऑक्टोबर २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली. मोठी रक्कम असेल तर क्रेडिट कार्डानेच भरा, पैसे परत मागायला निदान एक दार उरतं. आणि पैसे भरताना पान तुमच्या चलनात रक्कम दाखवत असेल तर ती नाकारून दुकानाच्या चलनातच भरा. त्या सोयीच्या विनिमय दरात बहुधा दुकानाची कमाई मिसळलेली असते.

मागवून झालंय आणि काहीतरी बिघडलंय

शुल्क अपेक्षेपेक्षा जास्त आलं तर पावतीवरचा वर्गीकरण क्रमांक पाहा. आख्खी सायकल ८७१२ मध्ये, भाग ८७१४ मध्ये, त्यातली फ्रेम ८७१४.९१. पण टायर ४०११.५० मध्ये आणि हेल्मेट ६५०६.१० मध्ये जातं. मोटरवाली सायकल ८७११.६० मध्ये. नुसती फ्रेम मागवली आणि कुणी ती सायकल म्हणून नोंदवली, तर चूक दुरुस्त करून घेता येते. बिलाची प्रत, वस्तूचं वर्णन आणि मूळ देश लेखी पाठवा. पैसे भरण्याआधी पाठवलंत तर त्रास कमी.

मूल्य कमी दाखवून पाठवू का, असं विक्रेत्याने विचारलं तर नाही म्हणा. कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय पार्सल हरवलं तर विमाही तेवढ्याच खोट्या रकमेचा मिळेल.

खोकं फाटलेलं आलं तर सही करण्याआधी फोटो काढा आणि पावतीवर तसं लिहा. आतली फ्रेम कार्बनची असेल तर मागचे आणि पुढचे ड्रॉपआउट (चाकाचा आस बसतो त्या खाचा), डिरेलर हँगर (डिरेलर जोडायची पट्टी) आणि हेड ट्यूबची (हँडलखालच्या नळीची) खालची कड उजेडात पाहा. खोक्यात दाब पडतो तो तिथेच. वाकलेला हँगर सरळ करता येतो, पण तो मिळतो कुठे हे आत्ताच शोधून एक जादा मागवून ठेवा, कारण प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो. मग ब्रेक कोणत्या हाताला आहे ते बघा, आणि पहिली फेरी सपाट, रिकाम्या रस्त्यावर मारा.