ब्राउझर टेस्टमधला असिंक कोड: या चुका टाळा

टेस्ट कधी हिरवी (पास), कधी लाल (फेल) व्हायला लागली की नवी पोरं आधी नेटला शिव्या घालतात. गोव्यात पावसाळ्यात नेट जातंच, त्यामुळे सबब आयतीच मिळते. असिंक कोडमध्ये, म्हणजे जिथे उत्तर नंतर येतं तिथे, 'उत्तर येईपर्यंत थांब' असं सांगणारा शब्द म्हणजे अवेट. खरा घोळ बहुतेकदा विसरलेल्या अवेटचा असतो.

त्यातही लाल टेस्ट परवडली, खोटी हिरवी नको. पर्वरीतल्या एका ऑफिसात हॉटेल बुकिंगच्या साइटचं काम चालू होतं. पैसे भरल्यावर 'बुकिंग पक्कं' असा मेसेज दिसतो का, ही प्लेराइटची (ब्राउझर आपोआप चालवून तपासणारं टूल) टेस्ट अख्खा पावसाळा हिरवी. ऑक्टोबरात सीझन लागला आणि हॉटेलच्या रिसेप्शनवरून फोन: पाहुण्यांचे पैसे कटतात, पुढे पान कोरं! टेस्ट उघडली, तर एक्स्पेक्टच्या (अपेक्षा तपासणारं फंक्शन) कंसात नुसतं इजव्हिजिबल ('दिसतंय का?'), अवेटचा पत्ता नाही. इजव्हिजिबल हातात देतं ते प्रॉमिस, म्हणजे 'उत्तर नंतर देतो' असा वायदा; हो किंवा नाही असं उत्तर नव्हे. आणि प्रॉमिस म्हणजे ऑब्जेक्ट, पुढे लावलेल्या टूबीट्रूथीच्या ('हे खरं आहे का?') लेखी कायम खरं. मेसेज असो वा नसो, टेस्ट पास.

तिथे नुसता अवेट घालूनही भागत नाही. इजव्हिजिबल त्या क्षणी काय दिसतं ते सांगून मोकळं होतं, वाट बघत नाही. एक्स्पेक्टला लोकेटरच (पानावरची वस्तू कुठली ते सांगणारा पत्ता) द्या, टूबीव्हिजिबल लावा आणि अख्ख्या ओळीआधी अवेट लिहा. सेटिंग बदललं नसेल तर ते 5 सेकंद पुन्हा पुन्हा तपासतं. कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटचा नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस (अवेट न केलेली प्रॉमिस पकडणारा) नियम चालू ठेवाच, पण असं कंसात दिलेलं प्रॉमिस त्यालाही सापडत नाही. म्हणून माझी खोड अशी: नवी टेस्ट आली की त्यातला अपेक्षित मजकूर मुद्दाम बिघडवून चालवायची. तरीही हिरवी राहिली तर लिहिणाऱ्याकडे परत.

'तीन सेकंद थांब' हा आळशी माणसाचा शॉर्टकट. आज तीन, पुढच्या महिन्यात पाच, मग दहा. आणि प्लेराइट एका टेस्टला मुळात देतं 30 सेकंद. ते संपले की टाइमआउट वाढवायचा, असं हे चालतं. सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबायचं तर वेटफॉररिस्पॉन्स क्लिकच्या आधी सुरू करा आणि त्याचा अवेट क्लिकनंतर. क्लिकनंतर कान लावलात तर उत्तर आधीच येऊन गेलेलं असू शकतं.

यादीतल्या प्रत्येकासाठी फंक्शन चालवणाऱ्या फॉरईचमध्ये असिंक फंक्शन देऊ नका, ते कुणासाठी थांबत नाही. साधा फॉर-ऑफ लूप वापरा.

सेलेनियम या दुसऱ्या ब्राउझर टेस्ट टूलमध्ये इम्प्लिसिट (सगळ्या शोधांना लागू) आणि एक्स्प्लिसिट (एकाच ठरावीक गोष्टीसाठी) वेट एकत्र नकोत.

आणि मला विचारायला येण्याआधी प्लेराइटचा ट्रेस, म्हणजे टेस्ट चालतानाची नोंद, उघडून बघा. स्क्रीनशॉट, नेटवर्क, कन्सोल, सगळं तिथेच असतं.