पोट्टा चिडते, पोट्टी गप होते: मनाची चौकशी करायची कशी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी आशा सेविका म्हणून घरोघरी फिरते. "पोरगी आताशा बोलतच नाई," "पोट्टा लय उलटून बोलते," असं आईबाप सांगतात. मनाचं दुखणं दोघांचंही असू शकतं, दिसतं मात्र वेगवेगळं. वयात आल्यावर उदासी आणि धास्ती मुलींत जास्त आढळते. आत्महत्येनं जाणाऱ्यांत एकूण पुरुष जास्त, तरी कोवळ्या वयात मुलीही कमी नाहीत. शरीरातले बदल यात आहेतच, पण आपण लावलेलं वळणही आहे.

मुलगी वयात आली की सायकल बंद, मोबाईल काढून घेतला, बारावीच्या आधीच स्थळं सुरू. ती "मन लागत नाई" म्हणत नाही, डोकं नाहीतर पोट दुखतं म्हणते. चारचौघांत विचारू नका. कापूस वेचताना तिच्या शेजारच्या तासात राहा आणि विचारा: झोप लागते का? जेवण जातं का? कोणी त्रास देतं का? तिनं सांगितलेलं लगेच घरभर करू नका. पण कोणी अंगाला हात लावत असेल तर गप्प बसायचं नाही, 1098 या मुलांच्या मदतीच्या नंबरावर कळवायचं.

मुलाला समोर बसवून विचारलं तर "मले काई नाई झालं" एवढंच येतं. रात्रीच्या ओलिताला सोबत जा, तिथं तो बोलतो. खर्रा (तंबाखू-सुपारी) वाढला, दारू लागली, शाळा सुटली, हातघाईवर येतो, तर रागवण्याआधी विचारा. बापाच्या कर्जाची त्याला खबर असतेच. आकडा खरा सांगा, आणि ते फेडणं तुझ्या डोक्यावर नाही हेही सांगा. "मर्द होऊन रडतो कायले?" हे वाक्य घरातून काढूनच टाका.

ज्या पोराला वर्गात "बायल्या" म्हणतात, त्याची घुसमट मला सगळ्यांत जास्त लागते. त्याचं चालणं-बोलणं हा आजार नाही. देवऋषी नको, लग्नाची घाई नको. चिडवणाऱ्यांना थांबवा, गुरुजींना भेटा.

"जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला किंवा म्हणाली, तर एकटं सोडू नका. फवारणीचं औषध कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याच्या हाती द्या. 14416 ही मनाच्या दुखण्यासाठीची सरकारी हेल्पलाईन लावा: फुकट, रात्रंदिवस, मराठीतही बोलतात. औषध पोटात गेलंच, तर मीठपाणी पाजून ओकायला लावू नका. 108 बोलवा आणि औषधाचा डबा डॉक्टरला दाखवायला सोबत न्या.